जुन्या जावाचा जीर्णोद्धार

मोटारसायकलींची शर्यत म्हणजे केवळ वेग, असें कित्येक विद्यार्थ्यांस वाटतें. परंतु १९०७ सालीं मॅन बेटावर सुरू झालेल्या प्रसिद्ध शर्यतींत एका सिलिंडरच्या गाडीनें गॅलनास सरासरी ९० मैल काटलेच पाहिजेत, असा नियम होता. परीक्षा स्वाराची तशीच यंत्राचीही होती. पडून राहिलेली गाडी पुन्हां चालती करणें हीही तशीच परीक्षा होय.

जावा गाडी १९६१ सालीं म्हैसुरास बनूं लागली. पुढें तीच येझदी झाली, आणि १९९६ सालीं तो कारखाना बंद पडला. (तिची किक व गिअर एकाच दांडीनें चालतात, ही एक गंमतच!) आपल्या केनवडांत एखाद्याच्या गोठ्यांत अशी गाडी निघाल्यास लागलीच किक मारूं नये. प्लग काढून सिलिंडरांत थोडें तेल सोडावें, रात्रभर मुरूं द्यावें, मग यंत्र हलकेच फिरवावें. तिच्या टू-स्ट्रोक इंजिनांत पेट्रोलांत मिसळलेलें तेलच दट्ट्यास वंगण पुरवितें. निव्वळ पेट्रोलावर चालविल्यास दट्ट्या तापून अडकतो. सायलेन्सरांतील काजळीही खरडावी, कारण तिनें धूर कोंडून गाडीचें बळ घटतें.

नव्या चकचकीत रंगापेक्षां मूळ रंगाचे ओरखडे आम्हांस अधिक प्रिय वाटतात. इंजिनावरील व सांगाड्यावरील क्रमांक मात्र कोणीं घासूं नयेत. कागदपत्रांशीं ते ताडून पाहावे लागतात.