मनाचा ताळेबंद

व्यापाऱ्याचे खरे भांडवल म्हणजे त्याची पत. तोटा सोसून पुन्हा उभी राहिलेली घराणी आपण पाहिली आहेत. परंतु पत गेल्यावर उभे राहणे कठीण, ही समजूत आपल्या हाडीमासी खिळलेली आहे. ह्या भयापोटीच पुष्कळ व्यापारी बंधू मनाचे दुखणे कोणाजवळ बोलत नाहीत. उधारी बुडते, भागीदार विभक्त होतो, मुलगा पेढीवर बसण्यास नकार देतो. रात्रीची झोप उडते, हिशेबात चित्त लागत नाही. तरीही मानसोपचारतज्ज्ञाची पायरी चढावी, तर पेठेतील कोणी पाहील, आणि उद्या माल देणारा हात आखडता घेईल!

ऑनलाइन समुपदेशनाने ही अडचण पुष्कळशी दूर केली आहे. आपल्या खोलीचे दार लावून मोबाइलच्या पडद्यावर तज्ज्ञाशी बोलता येते. बेळगाव, हैदराबाद अथवा इंदूर येथील मराठी कुटुंबाला ह्यात आणखी एक सोय आहे: तज्ज्ञ पुण्यात असला तरी चालतो. मनातील दुःख मातृभाषेत जितके मोकळेपणाने सांगता येते, तितके परभाषेत येत नाही.

ह्या भेटीत घडते काय? भेट साधारणतः पाऊण तासाची, बहुधा आठवड्यातून एकदा. समुपदेशक उपदेश करीत नाही. तो ऐकतो, प्रश्न विचारतो आणि विचारांचा गुंता सोडविण्यास साह्य करतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेली पद्धती आज सर्वत्र वापरली जाते. तिच्यातील एक साधन व्यापाऱ्यास परके वाटू नये. समजा, मोठ्या गिऱ्हाइकाची रक्कम बुडाली आणि ‘मी घर धुळीस मिळविले’ हा विचार मनात घर करून बसला. तो वहीत लिहावयाचा. एका रकान्यात त्याला पुष्टी देणाऱ्या गोष्टी, दुसऱ्यात त्याविरुद्ध जाणाऱ्या: दुकान चालू आहे, इतर येणे वसूल होत आहे, पूर्वीही असा प्रसंग निभावला आहे. मग दोन्ही बाजू पाहून खरी बाकी काढावयाची. तोटा नाहीसा होत नाही. पण तो जेवढा आहे तेवढाच दिसू लागतो. ही वही रोज लिहावी लागते. केवळ भेटीचे पैसे भरून मन हलके होत नाही.

माल पारखून घेणारा व्यापारी येथेही पारख करीलच. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. औषध देण्याचा अधिकार वैद्यकाचा आहे. तशी गरज भासल्यास नोंदणीकृत मानसोपचारतज्ज्ञाकडेच जावे. शुल्क, वेळ आणि गुप्ततेचे नियम पहिल्याच भेटीत स्पष्ट करून घ्यावेत. दोन-चार भेटींनंतर सूर जुळत नसल्यास तसे सांगून दुसरा तज्ज्ञ पाहावा; त्यात अपमान कोणाचाच नाही.

गुप्ततेला कायद्याचाही आधार आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये रुग्णाची माहिती गुप्त राखणे हा त्याचा हक्क आहे. मात्र कोणाच्या जिवास धोका असल्यास तज्ज्ञ आवश्यक तेवढी माहिती देऊ शकतो, आणि ते योग्यच आहे.

ह्या मार्गालाही मर्यादा आहेत. भ्रम होणे, स्वतःची शुद्ध नसणे अशा अवस्थेत प्रत्यक्ष रुग्णालयच हवे. आणि जगणेच नकोसे वाटू लागले, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. त्याच क्षणी घरच्या माणसास सांगावे, निकटचे रुग्णालय गाठावे. भारत सरकारची ‘टेली-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्या १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य बोलता येते. मराठी, कन्नड, हिंदी यांसह अनेक भाषांची सोय तेथे आहे. हा क्रमांक पेढीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा, ही सर्व सभासदांस विनंती.

घरातील वडीलधाऱ्यांस एक सांगणे. मुलगा, सून वा बंधू असे साह्य घेत असेल, तर त्या बंद दारामागे काय बोलणे झाले हे विचारू नये. वर्षातून एकदा आपण पेढीचा ताळेबंद जाणकाराकडून तपासून घेतो, त्यात कमीपणा मानीत नाही. मग मनाच्या ताळेबंदासाठी जाणकाराचे साह्य घेण्यात कमीपणा कसला? पेढी माणसासाठी आहे. माणूस राहिला, तर पेढी पुन्हा उभी राहील.