पशुवैद्यकाची पदवी आणि परदेशचा परवाना

नीटचा निकाल लागून एमबीबीएसच्या यादीत पाल्याचे नाव येणार नाही हे कळून चुकले, की पुष्कळ कुटुंबांतून पशुवैद्यक शाखेची चौकशी सुरू होते, आणि त्या चौकशीच्या पोटी अलीकडे आणखी एक प्रश्न हटकून निघतो, तो असा की या पदवीच्या बळावर परदेशी जाता येते काय. प्रश्न गैर नाही. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या देशांत पशुवैद्यांची वानवा आहे, आणि शहरापासून दूर, गुरांच्या चिकित्सेसाठी तर माणूस मिळणे तेथेही दुरापास्त झाले आहे. परंतु ‘कोणत्या देशात जावे’ हा जो प्रश्न पालक सर्वांआधी विचारतात, तो माझ्या मते सर्वांत शेवटी विचारण्याचा आहे. आधी विचारायचे ते हे, की पदवी मिळाल्यापासून परवाना हाती पडेपर्यंत जी मधली वर्षे जातात, ती विद्यार्थ्याने कोणत्या कामात घालवायची आणि कुटुंबाने कशाच्या आधारावर निभावून न्यायची.

ही मधली वर्षे का जातात, ते प्रथम समजून घेतले पाहिजे. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. हा आपला अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यातील अखेरचे वर्ष आंतरवासितेचे असते. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याखाली नोंदणी झालेल्या पदवीधरास देशभर व्यवसाय करता येतो. महाराष्ट्रात हे शिक्षण नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून मिळते, आणि त्यांपैकी मुंबईचे महाविद्यालय तर 1886 पासून चालू आहे, जी.बी.व्ही.सी. ही अक्षरे नावापुढे लावणारी वैद्यांची जुनी पिढी तेथेच घडली. असे असूनही अमेरिकेच्या पशुवैद्यक संघटनेची, म्हणजे एव्हीएमएची, अधिमान्यता भारतातील एकाही महाविद्यालयास नाही, आणि ब्रिटनमधील पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजच्या मान्य पदव्यांच्या यादीतही आपली पदवी नाही. यावरून आपले शिक्षण हलक्या प्रतीचे ठरते असा अर्थ कोणी काढू नये. अर्थ एवढाच, की अधिमान्य महाविद्यालयाच्या पदवीधराची खातरजमा त्या महाविद्यालयाच्या तपासणीतच झालेली असते, आणि आपल्या पदवीधरास ती एकट्याने, स्वतःच्या हातांनी आणि स्वतःच्या खर्चाने करून द्यावी लागते.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ, कारण बहुतेकांचे डोळे तिकडेच लागलेले असतात. तेथे समकक्षतेच्या दोन वाटा आहेत. ईसीएफव्हीजी ही एव्हीएमएची स्वतःची योजना असून तिचे प्रमाणपत्र सर्व राज्यांत चालते. पेव्ह ही राज्यमंडळांच्या संघटनेची दुसरी योजना असून ती बहुतेक राज्यांत मान्य आहे. पहिल्या वाटेवर पदवीच्या दस्तऐवजांची छाननी होते, इंग्रजीची परीक्षा होते, मग मूलभूत व चिकित्साविषयक शास्त्रांवरील बीसीएसई ही 225 प्रश्नांची संगणकीय परीक्षा येते, आणि या साऱ्यांतून पार पडलेला उमेदवार सीपीई नावाच्या प्रात्यक्षिक परीक्षेपाशी येऊन थांबतो. थांबतो हा शब्द मी जाणून वापरला आहे. ही परीक्षा मोजक्या केंद्रांवर होते, तिच्या जागा थोड्या असतात, तिचे शुल्क कित्येक हजार डॉलरांत जाते, आणि आपल्याकडचे बुद्धिमान, पुस्तकांत पारंगत असे उमेदवार अडतात ते बहुधा येथेच.

भूल देणे, अश्वचिकित्सा, गाई-म्हशी व तत्सम पशूंची चिकित्सा, शवविच्छेदन, क्ष-किरण, लहान प्राण्यांचे औषधोपचार आणि शस्त्रक्रिया असे या परीक्षेचे सात विभाग आहेत. त्यांतील शस्त्रक्रियेचा विभाग जरा जवळून पाहण्यासारखा आहे. समोर एक कुत्री असते आणि तिचे गर्भाशय व अंडाशय काढावयाचे असतात. केस कातरणे, त्वचेचे निर्जंतुकीकरण, स्वतःचे हात धुणे, झगा व हातमोजे चढवणे, पोटाच्या मध्यरेषेवर छेद घेणे, अंडाशयाच्या देठाशी धागा बांधून तो घट्ट बसला आहे ना हे पाहून मगच कापणे, आणि शेवटी एकेक थर शिवून पोट बंद करणे, ही सारी क्रमवार क्रिया परीक्षकाच्या नजरेखाली पार पाडावी लागते. कुत्री वाचली एवढ्याने उमेदवार उत्तीर्ण होत नाही. हातमोजा निर्जंतुक पडद्याबाहेरच्या वस्तूस लागला आणि ते त्याच्या ध्यानातच आले नाही, तर तो दोष मोठा धरला जातो. ध्यानात येऊन त्याने मोजा बदलला, तर निभावून जाते.

आपल्या विद्यार्थ्याचा हात कशात तयार असतो, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तालुक्याच्या दवाखान्याच्या आवारातल्या लोखंडी खोड्यात उभी केलेली म्हैस गाभण आहे की नाही हे हात घालून सांगणे, अडलेल्या गाईचे आडवे वासरू सरळ करणे, अडकलेली वार काढणे, या गोष्टी आंतरवासितेत मन लावून राबलेला आपला पदवीधर अमेरिकेतल्या समवयस्कापेक्षा पुष्कळदा अधिक सफाईने करतो. उलट घोडा त्याने क्वचितच हाताळलेला असतो, आणि श्वानाची शस्त्रक्रिया त्याने केलेली असण्यापेक्षा इतरांच्या खांद्यावरून पाहिलेली असण्याचाच संभव अधिक. ही उणीव भरून काढण्याची साधने मात्र दूर नाहीत. नगरपालिका व प्राणिकल्याण संस्था भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची जी केंद्रे चालवतात, तेथे नेमकी हीच शस्त्रक्रिया रोज होत असते. फरक इतकाच, की आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ती कुशीतून छेद घेऊन करतात, तेव्हा मध्यरेषेची पद्धत तेथील ज्येष्ठांकडून आग्रहाने शिकून घ्यावी. परळच्या बाई साकरबाई रुग्णालयासारख्या ठिकाणी लहान प्राण्यांची ददात नाही. घोड्यांसाठी पुण्याच्या परिसरातील अश्वपैदास केंद्रांत सुटीचे काही आठवडे घालवता आले तर पाहावे. परदेशी जाण्याची तयारी अंतिम वर्षानंतर एखाद्या शिकवणी वर्गात होते असे ज्यांस वाटते, त्यांनी ती तिसऱ्या वर्षापासून या ठिकाणी सुरू करावी.

पेव्हच्या वाटेवर सीपीईऐवजी एखाद्या अधिमान्य महाविद्यालयात तेथल्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांबरोबर वर्षभर प्रत्यक्ष काम करून मूल्यमापन करून घेता येते. शिक्षणाच्या दृष्टीने ही वाट मला अधिक श्रेयस्कर वाटते, परंतु त्या एका वर्षाचे शुल्क लाखो रुपयांच्या घरात जाते आणि ते भरण्याची ऐपत थोड्यांचीच असते. दोहोंपैकी कोणत्याही वाटेने गेले, तरी नॅव्हली ही 360 प्रश्नांची परीक्षा कोणास चुकत नाही, ती तेथल्या विद्यार्थ्यांनाही द्यावी लागते. आणि त्यानंतर ज्या राज्यात व्यवसाय करावयाचा त्या राज्याचा परवाना निराळा.

कॅनडाची रचना अमेरिकेशी मिळतीजुळती असून तेथे प्रात्यक्षिक परीक्षेआधी शस्त्रक्रियेची एक प्राथमिक चाचणी लावलेली आहे. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेजची सदस्यत्व परीक्षा, लेखी व प्रात्यक्षिक, द्यावी लागते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडसाठी त्यांच्या संयुक्त मंडळाची परीक्षा आहे. तपशिलात फरक असले, तरी आधी पुस्तकी ज्ञान आणि मग हात तपासायचा हा क्रम सर्वत्र एकच.

आता त्या मधल्या वर्षांविषयी. परवाना नसलेल्या पशुवैद्यास तेथे पशुवैद्य म्हणून काम करता येत नाही. मग तो दवाखान्यात साहाय्यक म्हणून रुजू होतो, पिंजरे धुतो, रक्ताचे नमुने घेतो, क्ष-किरणाच्या वेळी कुत्रा धरून उभा राहतो. हे काम मुळीच हलके नाही; उलट तेथल्या वैद्यांची हातोटी जवळून पाहण्याची एवढी चांगली संधी दुसरी नाही. परंतु गावाकडे ‘आमचा डॉक्टर अमेरिकेत आहे’ असे सांगून बसलेल्या आईबापांना, आणि त्याहून त्या मुलाला स्वतःला, ते पचवणे जड जाते. या अवघडलेपणातून दूरध्वनीवर एकमेकांपासून गोष्टी लपवणे सुरू होते. घरात या विषयावर आधीच स्पष्ट बोलणे झालेले असावे, अगदी नातेवाइकांना काय सांगायचे येथपर्यंत.

पुष्कळजण या काळात तेथल्या विद्यापीठात एम.एस. किंवा पीएच.डी.साठी नाव घालतात, म्हणजे वास्तव्याची सोय होते आणि फावल्या वेळात परीक्षांचा अभ्यास करता येतो. यात एक मेख आहे. विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा रोगप्रसारशास्त्र यांत मन रमले, तर लस तयार करणाऱ्या कंपन्या व संशोधनसंस्था यांचे दार चिकित्सेच्या परवान्यावाचूनही उघडते, आणि तो एक उत्तम, माझ्या मते आपल्याकडे फार दुर्लक्षिला गेलेला मार्ग आहे. परंतु मन रमले नाही, तर ना धड संशोधन ना धड परीक्षा अशी गत होते.

व्हिसाच्या बाबतीत पालकांना एवढेच सांगतो, की तो परवान्याचा भाग नव्हे. परवान्याचे नियम व्यावसायिक मंडळे करतात आणि ते सावकाश बदलतात. व्हिसाचे नियम सरकारे करतात आणि ते एका रात्रीत बदलू शकतात. 2025 च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नव्या एच-1बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादणारे फर्मान काढले, तेव्हा कित्येक कुटुंबांचे हिशेब एका दिवसात कोलमडले. घर अगर जमीन गहाण टाकून जाणाऱ्याने हे विसरू नये.

प्रत्यक्ष काम कसले असते, याचीही कल्पना हवी. ब्रिटनच्या कत्तलखान्यांत मांसतपासणीसाठी जे सरकारी पशुवैद्य नेमलेले असतात, त्यांत परदेशी शिकून आलेल्यांचा भरणा मोठा आहे, कारण तेथल्या तरुणांना ते काम नको असते. आपल्या विद्यार्थ्याने देवनारचा कत्तलखाना पाहिलेला असतो, परंतु अभ्यासदौऱ्यात तासभर पाहणे निराळे आणि रोज पहाटेपासून गाईंच्या कत्तलीच्या रांगेवर उभे राहणे निराळे. ज्या घरात गोठ्यातल्या गाईला पोळ्याच्या बैलाइतक्याच मानाने वागवले जाते, तेथल्या मुलाने याचा आधी विचार करावा. लहान प्राण्यांच्या दवाखान्यात याहून सूक्ष्म असे एक ओझे असते. उपचाराने बरा होण्यासारखा कुत्रा केवळ मालकास खर्च झेपत नाही म्हणून इंजेक्शन देऊन संपवावा लागणे, हा तेथल्या वैद्याच्या नित्यकर्माचा भाग आहे, आणि या व्यवसायातील मानसिक थकव्याची चर्चा तेथे उघडपणे होते. आपल्याकडे ती होत नाही, म्हणून तेथे मनाने कोरे जाऊ नये.

शेवटी दप्तराचे काम, जे सर्वांत सोपे असून सर्वाधिक वेळ खाते. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि पुढे कोठे आईचेही नाव असते; पारपत्रावर तीच नावे दुसऱ्या क्रमाने येतात; आणि पदवीनंतर लग्न झालेल्या मुलीचे तर संपूर्ण नावच बदललेले असते. परदेशी कारकुनास ही सारी एकाच व्यक्तीची नावे आहेत हे उमजण्याचे कारण नाही, आणि अर्ज महिनोन्‌महिने अडकून पडतो. म्हणून दहावीच्या प्रमाणपत्रापासून पारपत्रापर्यंत नाव एकसारखे करून घ्यावे, नाव बदलायचेच असेल तर राजपत्रातील नोंदीची प्रत जपून ठेवावी, पदवी हाती पडताच राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी करावी, आणि गुणांचे तपशीलवार उतारे विद्यापीठाच्या मोहरेनिशी बंद पाकिटात मागवून घ्यावेत. हे उतारे बहुतेक ठिकाणी विद्यापीठाकडून थेट परदेशी मंडळाकडेच जावे लागतात, तेव्हा कुलसचिवांच्या कार्यालयातील संबंधित टेबलाशी ओळख आंतरवासितेच्या वर्षातच करून घेतलेली बरी. नागपूरची फेरी त्या वर्षात एरवीही घडतेच.