हसरी चित्रं, खरी बंदूकबाजी

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा ‘टीम फोर्ट्रेस २’ खेळू द्या म्हणतोय. चित्रं गमतीदार, कार्टूनसारखी आहेत. पण खेळाबद्दल उलटसुलट मतं वाचली. काय समजायचं?
— एक पालक, सांगली

उत्तर : दोन्ही बाजूंची मतं खरी आहेत. व्हॉल्व्ह कंपनीचा हा बंदूकबाजीचा व्हिडिओ गेम २००७ साली आला तेव्हा समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला, आणि रास्तच घेतला. यातल्या नऊ योद्ध्यांच्या चित्रशैलीवर लायेंडेकर, रॉकवेल अशा अमेरिकी चित्रकारांची छाप आहे. नुसत्या आकृतीवरून आणि चालीवरून कळतं, समोर धिप्पाड ‘हेवी’ आहे की चपळ ‘स्काउट’. विनोदी रूप इथे खेळाच्या रचनेतच मुरलेलं आहे. मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं. तेव्हाची एक तक्रार होती, सामन्यांसाठी नकाशे (मैदानं) फक्त सहा.

खरी टीका पुढची. २०१० मध्ये खेळाच्या आत दुकान उघडलं. खेळताना वस्तूंची बंद पेटी फुकट मिळते, ती उघडायची किल्ली मात्र विकत. आत काय निघेल ते नशिबावर. मुलांच्या हाती हे देणं मला मुळीच पटत नाही. नंतर अचूक नेम धरणाऱ्या ‘बॉट’नी, म्हणजे माणसाऐवजी खेळणाऱ्या प्रोग्रामांनी, सामने नासवले. २०२२ आणि २०२४ मध्ये खेळाडूंना त्याविरुद्ध मोहिमा उघडाव्या लागल्या.

तुमच्या मुलाला इतक्यात देऊ नका. यात रक्त आहे, शरीराचे तुकडे उडतात. अमेरिकेत याला १७ वर्षांवरील मानांकन आहे. घरी निन्टेन्डो स्विच असेल, तर ‘स्प्लाटून ३’ पाहा. तिथे गोळ्यांऐवजी रंग उडतो.