एका पौंडाचा क्लब

क्रीडेचा विचार आपल्याकडे बहुधा दोनच अंगांनी होतो. एक शरीरस्वास्थ्याच्या आणि दुसरा हारजितीच्या. क्रीडासंस्थेलाही कर्ज होते, तिचे मैदान गहाण पडते, ती विकली जाते आणि प्रसंगी बुडतेही. ती बुडू लागली म्हणजे तिच्यावर जीव लावून बसलेल्या माणसांचे काय होते, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या तासाला येत नाही आणि समाजशास्त्राच्याही येत नाही. प्रस्तुत लेखात तो एका लहान इंग्रज गावातील फुटबॉल क्लबच्या उदाहरणावरून पाहावयाचा आहे. क्लब कोणाचा, एवढाच मुद्दा आहे. कायद्याने त्याचे एक उत्तर देऊन ठेवले आहे. चाहते पिढ्यान्‌पिढ्या दुसरेच उत्तर धरून चालतात. बरे दिवस असतात तोवर ही दोन उत्तरे शेजारीशेजारी सुखाने नांदतात. क्लब विकावयास निघाला की त्यांतले एक खोटे ठरते.

गावाचे नाव बरी. (नाव बरी असले तरी दशा बरी नव्हती, हा विनोद वाचकांना सुचणारच, तो येथेच उरकून घेऊ.) मँचेस्टरच्या उत्तरेला काही मैलांवर, लँकेशायरच्या कापूसपट्ट्यातले हे गाव. शाळेत औद्योगिक क्रांतीच्या धड्यात ‘धावता धोटा’ आपण सर्वांनीच पाठ केला आहे; तो धोटा शोधून काढणारा जॉन के याच परिसरातला. गिरण्यांच्या या गावात १८८५ साली फुटबॉल क्लब निघाला आणि १८९४ साली तो फुटबॉल लीगमध्ये दाखल झाला. १९०० साली आणि पुन्हा १९०३ साली त्याने एफ. ए. चषक जिंकला. दुसऱ्या वेळी अंतिम सामन्यात डर्बीवर सहा-शून्य असा विजय मिळविला. अंतिम सामन्यातील एवढ्या मोठ्या फरकाची बरोबरी व्हायला २०१९ साल उजाडावे लागले. ती मँचेस्टर सिटीने केली. त्याच वर्षी बरीचा क्लब लीगमधून नाहीसा झाला, हा योगायोग क्रूर म्हटला पाहिजे.

मँचेस्टरचे दोन बलाढ्य क्लब हाकेच्या अंतरावर असताना काही हजार माणसे दर पंधरवड्याला गिग लेन या जुन्या मैदानावर जाऊन दुय्यम दर्जाचा फुटबॉल का पाहत असतील? अर्थशास्त्रातला ग्राहक येथे उपयोगी पडत नाही. साबण बिघडला तर ग्राहक दुसरा साबण घेतो. येथे माल वर्षानुवर्षे बिघडलेला असतो आणि ग्राहक मात्र हलत नाही. आजोबांनी बापाला आणले, बापाने मुलाला आणले. बसण्याची जागा तीच, शेजारी तेच, शिव्याही त्याच. आपल्याकडे गावच्या तालमीशी किंवा भजनी मंडळाशी माणसाचे जे नाते असते त्याच्याशी याचे अधिक साम्य आहे. तेथे कोणी ‘हे माझे’ असे म्हटले तर त्याच्याकडे कोणी सात-बाराचा उतारा मागत नाही.

इंग्लंडमध्ये मात्र तसा उतारा असतो. तेथील बहुतेक व्यावसायिक क्लब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या झाले. कंपनी तिच्या भागधारकांची. चाहता मोसमाचे तिकीट काढतो तेव्हा कायद्याच्या दृष्टीने तो फक्त काही सामने पाहण्याचा हक्क विकत घेत असतो.

लहान क्लबच्या अडचणीचे स्वरूप थोडक्यात सांगता येते. वरच्या वर्गात गेले तर उत्पन्न वाढते; वर जायचे तर चांगले खेळाडू हवेत, आणि खेळाडूंचे पगार दाराशी जमणाऱ्या पैशांत भागत नाहीत. मग मधली तूट मालक आपल्या खिशातून किंवा कर्ज काढून भरतो. म्हणजे क्लबचे आयुष्य एका माणसाच्या धंद्यावर टांगलेले राहते. बरीचा क्लब २०१३ साली स्ट्युअर्ट डे या बांधकाम व्यावसायिकाने घेतला. पुढे त्याचा स्वतःचाच धंदा अडचणीत आला. मैदान गहाण पडले होते. मैदानालगतच्या मोटारी उभ्या करण्याच्या जागासुद्धा गुंतवणूकदारांना विकल्या गेल्या होत्या. डिसेंबर २०१८ मध्ये त्याने क्लब स्टीव्ह डेल या व्यावसायिकाला विकला. किंमत एक पौंड.

हा एक पौंड समजून घेतला पाहिजे. त्यात क्लब स्वस्तात मिळाला असा अर्थ नाही. कर्जे वजा जाता त्यात काही उरलेले नव्हते, असा आहे. घेणारा एक पौंड देतो आणि देण्यांचा डोंगर अंगावर घेतो. तो उचलण्याची त्याची ऐपत आहे काय, हे आधी पाहावे अशी आपली भाबडी अपेक्षा. पण लीगच्या तेव्हाच्या नियमांत खरेदी आधी आणि पैशाचा पुरावा नंतर, असेही चालत होते. येथे तो पुरावा समाधानकारक रीतीने कधी आलाच नाही, असे लीगचे म्हणणे राहिले. बरी नावाचा फुटबॉल क्लब आहे हेही आपल्याला पूर्वी ठाऊक नव्हते, असे नव्या मालकांनी पुढे रेडिओवर सांगितले. यात कायद्याने गैर काहीच नाही, आणि नेमके हेच ध्यानात घेण्याजोगे आहे.

त्या वसंतात पगार थकलेले असताना खेळाडूंनी दुसरा क्रमांक मिळवून क्लबला वरच्या वर्गात नेले. चाहत्यांनी आनंद केला, आणि त्या आनंदाच्या पोटात भीती होती. जुलैमध्ये धनकोंशी तडजोड झाली. विनातारण देणेकऱ्यांना पौंडामागे पंचवीस पेन्स मिळावयाचे ठरले. फुटबॉलमधील देणी, म्हणजे खेळाडूंचे पगार व इतर क्लबांची येणी, मात्र पूर्ण फेडलीच पाहिजेत असा लीगचा नियम आहे. परिणाम असा होतो, की खेळाडूला रुपयाचा रुपया मिळतो आणि गावातल्या छापखानेवाल्याला चार आणे. पोर्ट्‌समथ क्लबचे २०१० साली दिवाळे निघाले तेव्हा थकलेल्या धनकोंत सामन्यांना प्रथमोपचार पुरविणारी सेंट जॉन अँब्युलन्स ही धर्मादाय संस्थाही होती. खेळाच्या जगाने आपल्यापुरता सोवळेपणा सांभाळला आणि झळ गावाला लागली, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

ऑगस्ट २०१९ उजाडला. मोसमातले पहिले सामने एकामागून एक रद्द झाले, कारण क्लब पुढचे खर्च कसे भागविणार हे लीगला पटेना. मुदत शुक्रवार २३ ऑगस्टची होती. सी अँड एन स्पोर्टिंग रिस्क नावाची एक कंपनी क्लब घेण्याची बोलणी करीत आहे असे कळले, म्हणून ती मंगळवार २७ ऑगस्ट, सायंकाळी पाचपर्यंत वाढविण्यात आली. तत्पूर्वी क्लबच्या एका माजी संचालिकेने स्वतःला गिग लेनवरील पन्हळीच्या नळाला साखळीने बांधून घेतले होते. आपण हसतो, पण तिच्या हाती दुसरे कोणते साधन होते, याचा विचार केला म्हणजे हसू विरते. भाग नाहीत, मत नाही, हिशेबाच्या वह्या पाहण्याचा अधिकार नाही.

मंगळवारी सकाळी शेकडो चाहते मैदानावर जमले. कोणी झाडू आणले, कोणी बादल्या, कोणी रंगाचे डबे. शनिवारी डॉनकास्टरविरुद्ध सामना व्हावयाचा होता. तो झालाच तर मैदान स्वच्छ हवे. कित्येक आठवडे वापर नसलेल्या खुर्च्या त्यांनी धुतल्या, गवत काढले. इतर क्लबांचेही काही चाहते मदतीला आले होते. खरेदीदार कंपनीने कागदपत्रे पाहून, मुदत संपावयास सुमारे दीड तास उरला असताना, अंग काढून घेतले. रात्री निकाल आला: बरी लीगमधून बाद. १९९२ साली मेडस्टोन युनायटेड गेल्यानंतर असे प्रथमच घडत होते. १२५ वर्षांचे सभासदत्व एका पत्रकाने संपले.

या मंगळवारचा विचार करताना मला राहून राहून असे वाटते, की झाडू हे त्या माणसांच्या मालकीचे खरे दस्तऐवज होते. ज्याच्या नावावर भाग होते तो झाडायला आला नव्हता. पण न्यायालयात झाडू दाखल करता येत नाही.

शेजारच्या बोल्टन गावच्या क्लबचीही तीच गत व्हावयाची होती. त्याला लीगने त्याच दिवशी चौदा दिवसांची अखेरची नोटीस दिली. दुसऱ्या दिवशी खरेदीचा व्यवहार पुरा झाला आणि क्लब तरला. बोल्टनचे चाहते अधिक निष्ठावान होते असे नव्हे. त्यांना शेवटच्या क्षणी गिऱ्हाईक भेटले, बरीला भेटले नाही. आणि योगायोग असा, की त्याच ऑगस्ट महिन्यात आपल्या पुण्याचा एफ. सी. पुणे सिटी हा २०१४ मध्ये निघालेला क्लब पैशाच्या अडचणीने बंद झाला, आणि इंडियन सुपर लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबला गेली. बालेवाडीच्या क्रीडांगणावर ओरडून घसा बसवून घेणाऱ्या ‘ऑरेंज आर्मी’ला त्यात विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पाच वर्षांची माया आणि सव्वाशे वर्षांची माया यांत फरक असेल. कायद्याच्या तराजूत दोहोंचे वजन सारखेच, म्हणजे शून्य.

मग उपाय काय? बरीपासून काही मैलांवरच रॉचडेल आहे. सहकाराचा अभ्यास करणाऱ्याला हे नाव सांगावे लागत नाही. १८४४ साली तेथील कष्टकऱ्यांनी काढलेल्या दुकानापासून आधुनिक सहकारी चळवळ सुरू झाली असे मानतात. इंग्लंडमधील चाहत्यांच्या संस्था आज त्याच घराण्यातल्या आहेत. एक सभासद, एक मत. कोणी कितीही पैसे घातले तरी मत एकच. पोर्ट्‌समथच्या चाहत्यांनी हजार हजार पौंडांचे भाग घेऊन एप्रिल २०१३ मध्ये आपला क्लब प्रशासकांच्या हातून सोडविला आणि २०१७ साली चौथ्या वर्गाचे अजिंक्यपद मिळविले. त्याच वर्षी त्यांनी मतदान करून तो मायकेल आयस्नर या धनाढ्य अमेरिकनाला विकलाही. मोठे होण्यासाठी मोठा पैसा लागतो, हे गणित सहकारालाही चुकत नाही. आपल्या साखरपट्ट्याला हे वेगळे सांगावयास नको.

बरीची गोष्ट याहून गुंतागुंतीची झाली. काही चाहत्यांनी बरी ए. एफ. सी. हा नवा क्लब काढला आणि २०२० मध्ये दहाव्या थरापासून, दुसऱ्यांच्या मैदानावर, खेळावयास सुरुवात केली. इतरांना हे पटले नाही. जुनी कंपनी अद्याप कागदोपत्री जिवंत होती, मैदान तिचे होते, नाव तिचे होते; नवा क्लब मान्य करणे म्हणजे जुन्याला मूठमाती देणे, अशी त्यांची भावना. नोव्हेंबर २०२० मध्ये जुनी कंपनी प्रशासकाच्या हाती गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी अनुदानाच्या आणि एका हितचिंतकाच्या मदतीने चाहत्यांच्या गटाने गिग लेन विकत घेतले. त्याबरोबर क्लबचे नाव आणि पूर्वेतिहासाशी निगडित वस्तूही घेतल्या. आपला इतिहास आपणच पैसे मोजून सोडवून आणावा लागला.

आता एका गटाकडे मैदान आणि नाव, दुसऱ्याकडे संघ. ऑक्टोबर २०२२ मध्ये एकीकरणासाठी मतदान झाले. नव्या क्लबच्या सभासदांनी भरघोस कौल दिला. जुन्याच्या समर्थक संस्थेत बहुमत मिळाले, पण आवश्यक दोन-तृतीयांशाला थोडे कमी पडले. एकाच रंगाचे मफलर गळ्यात घालणारी माणसे रस्त्यात एकमेकांना टाळू लागली, तर नवल नाही. वाट्याची भांडणे आपल्या परिचयाची आहेत. मे २०२३ मध्ये पुन्हा मतदान झाले आणि या वेळी ठराव मंजूर झाला.

जर्मनीत १९९८ पासून असा नियम आहे, की क्लबची कंपनी केली तरी निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहिली पाहिजेत, अपवाद थोडे. इंग्लंडला हे पटले नाही. तथापि बरीच्या प्रकरणानंतर ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखाली चाहत्यांचे म्हणणे ऐकून एक अहवाल नोव्हेंबर २०२१ मध्ये आला आणि जुलै २०२५ मध्ये फुटबॉलच्या कारभाराचा कायदा झाला. त्यान्वये स्वतंत्र नियामक नेमण्यात आला. नव्या मालकाचा पैसा कोठून येतो हे तो पाहील. मैदान त्याच्या संमतीवाचून विकता येणार नाही. क्लबचे चिन्ह व रंग बदलताना चाहत्यांचे मत घ्यावे लागेल. मालकी मात्र होती तेथेच राहिली.

हा कायदा पुरुषांच्या फुटबॉलच्या वरच्या पाच थरांना लागू आहे. बरी फुटबॉल क्लब २०२३ च्या मोसमात गिग लेनवर परतला तो नवव्या थरात. त्या थरात प्रेक्षक एरवी शेकड्यांत मोजतात; गिग लेनवर ते हजारांत मोजावे लागले.