म्हाताऱ्या माणसाचे औषध

म्हातारा झालेला बैल गाडीला जुंपला, तर शहाणा शेतकरी ओझे कमी भरतो. बैल थकला आहे, हे त्याला कळते. माणसाचे शरीरही असेच थकते. मग म्हाताऱ्या माणसाला औषध देताना हे ध्यानात ठेवायला नको का?

पोटात गेलेले औषध आपले काम करते. मग ते शरीराबाहेर पडावे लागते. हे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. यकृत उजव्या बाजूला बरगड्यांखाली असते. मूत्रपिंडे पाठीकडे असतात. ती रक्त गाळून लघवी तयार करतात. वय झाले की ही दोन्ही कामे मंदावतात. शरीरातले पाणीही कमी होते. मग काही औषधे अंगात साठून राहतात. आधीची गोळी उतरत नाही, तोच दुसरी पोटात जाते. तरण्याला मानवणारी गोळी म्हाताऱ्याला जड होते, ती अशी.

आता अमेरिकेतली एक हकीकत ऐका. थकलेल्या म्हाताऱ्यांना ठेवून सांभाळणारी घरे तिकडे पुष्कळ आहेत. त्यांना नर्सिंग होम म्हणतात. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे खासगी दवाखाना. ही घरे वेगळी. तिथे माणसे वर्षानुवर्षे राहतात. औषध द्यायला परिचारिका असतात, तपासायला डॉक्टर येतात.

मार्क बिअर्स नावाचे एक डॉक्टर होते. म्हाताऱ्यांना अशा घरांत कोणती औषधे मिळतात, हे त्यांनी पाहायचे ठरवले. 13 जाणकारांचा सल्ला घेतला. म्हाताऱ्यांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. ती 1991 साली छापली. मग लॉस एंजेलिस शहराच्या भागातली 12 घरे तपासली. तिथे 1,106 माणसे होती. त्यांतल्या शंभरात चाळीस जणांना यादीतले निदान एक तरी अयोग्य औषध लिहून दिलेले होते. शंभरात दहा जणांना तर एकाच वेळी दोन किंवा जास्त. हे 1992 साली प्रसिद्ध झाले. डॉक्टर आणि परिचारिका असलेल्या घरांत ही गत! बिअर्स 2009 साली वारले. पण त्यांची यादी चालू आहे. नवी माहिती मिळेल तशी ती सुधारतात. 2023 सालीही सुधारली.

त्या यादीतली काही औषधे आपल्या गावातही येतात. शरीर तर सगळीकडचे सारखेच.

झोपेच्या काही गोळ्यांची गुंगी दुसऱ्या दिवशीही उतरत नाही. आजी रात्री उठते, तोल जातो, खुब्याचे हाड मोडते. सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, लघवी अडते, माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागते. अंगदुखीच्या काही गोळ्या रोज घेतल्या, तर पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे बिघडतात. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी रक्तातली साखर फार उतरते. घाम फुटतो, शुद्ध हरपते.

कधी एका गोळीमागून दुसरी येते. रक्तदाबाच्या एका गोळीने पाय सुजतात. सूज उतरावी म्हणून लघवीची गोळी मिळते. मग आजोबा रात्री चारदा उठतात आणि अंधारात पडतात. घरचे म्हणतात, “वय झालं, आता असंच व्हायचं!” पण हे वयाने झाले, की गोळीने? आधी ते विचारा.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हा धडा वाचून घरातल्या गोळ्या फेकू नका. रक्तदाबाची, हृदयाची, झोपेची गोळी एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकते. गोळी कमी करायची ती डॉक्टरांनीच, हळूहळू.

मग आपण काय करावे?

घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला. दुकानातून स्वतः आणलेल्या आणि वैद्याने दिलेल्याही घाला. ती पिशवी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांपुढे ठेवा. गोळीचे नाव इंग्रजीत असेल, तर आशाताईंना वाचायला सांगा. तुम्हाला आता लिहिता येते. वहीत मराठीत लिहा: गोळीचे नाव, कशासाठी, कधी, किती. दुसऱ्या दवाखान्यात जाल तेव्हा ती वही बरोबर न्या. शेजाऱ्याची गोळी आपल्या म्हाताऱ्याला देऊ नका.

डॉक्टरांना विचारायला भिऊ नका. म्हणा, “डॉक्टरसाहेब, ही गोळी अजून लागते का? हा त्रास या गोळीनं तर नसेल?” नवी गोळी सुरू झाल्यावर चक्कर, गुंगी किंवा भ्रम दिसला, तर त्याच दिवशी जाऊन सांगा.

ज्यांनी आपल्याला बोट धरून चालवले, त्यांचा तोल आपण सांभाळायचा.

सांगा पाहू:
1. म्हातारपणी औषध अंगात का साठते?
2. बिअर्स डॉक्टरांना शंभरात किती जणांकडे अयोग्य औषध आढळले?
3. गोळी एकदम बंद का करू नये?
4. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्यांची यादी वहीत लिहून आणा.