जुन्या प्रोग्रॅमला नवी फाइल का दिसत नाही?

प्रश्न : लोअर परळच्या ऑफिसात मी एएस/४०० वर आरपीजी लिहितो. माझा नवा प्रोग्रॅम क्यूसीएमडीएक्झेकमधून ओव्हरराइड लावून चाचणीची फाइल जोडतो आणि मग एका जुन्या प्रोग्रॅमला कॉल करतो. जुना मात्र खरीच फाइल उघडतो! एररही येत नाही. असं का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : घोळ कंपाइलमध्ये आहे. ‘क्रिएट बाउंड आरपीजी’ कमांड दिली, एफ४ दाबून पर्याय पाहिलेच नाहीत आणि एंटर मारलं, की ‘डीएफटीएसीटीजीआरपी’ची डिफॉल्ट किंमत ‘*यस’ लागू होते. जुना प्रोग्रॅम तसाच झालेला दिसतो, म्हणून तो डिफॉल्ट ॲक्टिव्हेशन ग्रुपमध्ये चालतो. तुमच्या नव्यात ‘*नो’ असणार. ग्रुपचं नाव दिलं नसेल, तर तो ‘क्यूआयएलई’ ग्रुपमध्ये जातो.

जॉब ही चाळ धरा, तर हे ग्रुप म्हणजे तिच्यातल्या खोल्या. प्रत्येकीत आपापले व्हेरिएबल, आपापल्या उघड्या फाइली. डिफॉल्ट ग्रुप म्हणजे सामाईक गॅलरी. चाळ उभी आहे तोवर ती आहेच.

आता ओव्हरराइड. स्कोप सांगितला नाही, तर तो कुठून लावला यावर सगळं ठरतं. डिफॉल्ट ग्रुपमधून लावला तर कॉल लेव्हलचा : खाली कॉल होणाऱ्या सगळ्यांना दिसतो, ग्रुप कोणताही असो. जुन्या सीएलवाल्यांना ही अडचण कधी आली नाही ती यामुळेच. तुम्ही तो क्यूआयएलईतून लावलात, म्हणून तो तेवढ्याच ग्रुपपुरता. शिवाय तुमचा प्रोग्रॅम संपला तरी तो तिथंच राहतो आणि त्याच जॉबमधल्या पुढच्या भलत्याच प्रोग्रॅमला चाचणीची फाइल दाखवतो. मला तरी हा धोका जास्त मोठा वाटतो.

मग डिफॉल्ट ‘*यस’ का ठेवलं? आरपीजी फोर १९९४मध्ये आली. आरपीजी थ्रीचा सोर्स त्यात बदलून घेतला तरी प्रोग्रॅम पूर्वीसारखाच वागावा, ही त्यामागची हमी. आयबीएम १९७८मध्ये भारतातून गेली आणि १९९२मध्ये टाटांबरोबर परतली. मधल्या काळात, जून १९८८मध्ये, तिचं एएस/४०० जाहीर झालं होतं. त्यामुळे आपल्याकडे आरपीजी थ्रीचं जुनं सामान कमीच असणार, पण डिफॉल्ट सगळ्या जगाला एकच. नव्या लेखनाला ते सोयीचं नाही : ‘*यस’ असताना सबप्रोसीजर लिहिता येत नाहीत, मॉड्यूल बाइंड करता येत नाहीत.

तूर्त ओव्हरराइडला ‘ओव्हीआरस्कोप’मध्ये ‘*कॉललेव्हल’ द्या, काम होईल. कायमचा इलाज म्हणजे जुना प्रोग्रॅम ‘*नो’ आणि ‘*कॉलर’ (म्हणजे कॉल करणाऱ्याचाच ग्रुप) देऊन पुन्हा कंपाइल करणं. मात्र तोच कुणी मेनूवरून थेट चालवला, तर तो पुन्हा गॅलरीत येतो आणि रिक्लेम रिसोर्सेसनं नीट साफही होत नाही. कमांडचं डिफॉल्टच बदलायचा मोह होईल. पण सिस्टीम अपग्रेड झाली की ते मूळपदावर येतं. त्यापेक्षा प्रत्येक सोर्सच्या पहिल्या ओळीतच ग्रुप लिहा.