कबुलीनंतरही लाज उरते तेव्हा

प्रश्न : धर्मगुरूंपुढे पापांची कबुली देऊन झाली, तरी जुन्या चुकीची लाज जात नाही. पश्चात्ताप अपुरा पडला असेल का?

उत्तर : तसे नाही. लाज माणसाला पश्चात्तापाकडे वळवते; क्षमा मात्र तिच्या मापाने मिळत नाही.

शुभवर्तमानातली दोन माणसे पाहा. येशूला धरून देणाऱ्या यहूदाने त्याबद्दल मिळालेली चांदीची तीस नाणी मंदिरात फेकली आणि गळफास घेतला. येशूला तीनदा नाकारणारा पेत्र कोंबडा आरवताच बाहेर जाऊन ओक्साबोक्शी रडला. खजील दोघेही झाले, पण पेत्र शिष्यांत परतला. पुढे सरोवराकाठी येशूने त्याला जाब विचारला नाही. आपल्यावर प्रेम आहे का, एवढेच तीनदा विचारले.

संत इग्नेशियस लोयोला यांनी १५२२ मध्ये मोन्सेरात इथे तीन दिवस घेऊन लेखी कबुली दिली. तरी मानरेसात गेल्यावर काहीतरी सांगायचे राहिले, ही टोचणी सुटेना. तीच पापे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. जीव द्यावा, असेही मनात आले. अखेर जुन्या पापांची कबुली परत द्यायची नाही असे त्यांनी ठरवले आणि ते मोकळे झाले.

तेव्हा क्षमा झालेले पाप दर वेळी उगाळू नये. एकाच धर्मगुरूंकडे नियमित जावे आणि ही टोचणीच त्यांच्या कानावर घालावी. झोप उडाली असेल, तर समुपदेशकाचीही मदत घ्यावी.